स्कॉटलंडात पिकवलेलं मीठ

मीरा रोड (पूर्व),
रविवार, १७ सप्टेंबर २००६

तीर्थरूप बाळादादास,

धाकट्या गुणवंताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढी टेकवली आहेत, उरलेली शालनवहिनींनी तुझ्या वतीने माफ करावीत.) आम्ही उभयता परवा पहाटे सुखरूप येऊन पोचलो. मनोरमेची प्रकृती उत्तम आहे, फक्त विमानातून उतरल्यापासून ती भरदुपारी घोरते आणि कोंबडा आरवायच्या आधी पोळ्या लाटायला घेते. तुझा खोकला कसा आहे? वहिनींची साखर? परसातला पंप अजून पाण्यापेक्षा आवाजच जास्त काढतो का? आणि तुझी खुर्ची कुठल्या दिशेला आहे? खुर्चीबद्दल पुढे सविस्तर येईलच, इथे नुसती विचारपूस केली.

तू म्हणशील, मीरा रोडहून घोडबंदरला बसने यायचं सोडून हा पत्र कशाला खरडत बसलाय. कारण आहे. तिथे आलो की वहिनी आधी ताट वाढतात, आणि त्यांच्या हातचं कालवण पोटात गेलं की माणूस काय सांगायला आला होता ते विसरतो. फोन करावा तर तू 'हां, बोल' म्हणतोस आणि मी तोंड उघडायच्या आत 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय सगळा जन्म सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात गेला; दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारत आलो, एक पत्र माझंही जाऊ दे. तेव्हा चष्मा लाव, दोन्ही पाय वर घेऊन बस, आणि शेवटपर्यंत वाच. (शेवटपर्यंत, दादा. मधूनच नीरजच्या हातात देऊन 'यात काय लिवलंय सांग' म्हणू नकोस. तुझा मुलगा बँकेत आहे, तो प्रत्येक गोष्ट थोडक्यात सांगतो.)

तर सांगायची गोष्ट अशी की तुझ्या धाकट्या भावाने स्कॉटलंडात मीठ पिकवलं. पुन्हा वाच. स्कॉटलंडात. मीठ. आमच्या बिल्डिंगमधे ही बातमी मी लिफ्टमधेच सांगितली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या ममताबेन म्हणाल्या, "अंकल, इतना दूर जाके नमक? हमको तो चॉकलेट बोला था." ज्यांच्या घरात मीठ पिशवीतून येतं त्यांच्याशी काय बोलायचं?

पण पहिल्यापासून सांगतो. हेमांगीच्या बाळंतपणाला म्हणून आम्ही मे महिन्यात एडिंबराला गेलो हे तुला ठाऊक आहेच. बाळबाळंतीण दोघी ठणठणीत. बाळाला न्हाऊमाखू घालायचं काम मनोरमेने ताब्यात घेतलं, आणि माझ्याकडे कामच उरलं नाही. मी आपला जावईबापूंना भांडी घासायची योग्य पद्धत समजावून सांगत असे. चंदन स्वभावाने गरीब, सांगितलं तसं घासत असे, पण एक दिवस तो तीच कढई तिसऱ्यांदा घासताना हेमांगीला दिसला, आणि त्याच संध्याकाळी ती म्हणाली की बाबा, तुम्ही समाजसेवा करायला हवी. तासाभराच्या अंतरावर समुद्रकाठी एका गावात मुलांचं उन्हाळी शिबिर भरतं, तिथे स्वयंसेवक हवे आहेत, तिची मैत्रीण तिथे ओळखीची आहे, राहायची सोय आहे, जेवण आहे. पोटच्या पोरीने बापाला एवढ्या सभ्यपणे घराबाहेर काढल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

तिकडे फुकट काम करायलाही मुलाखत द्यावी लागते, दादा. वर पोलिसांचा दाखला. आपल्याकडे पगार घेऊन काम न करणाऱ्यालाही कोणी एवढं विचारत नाही. शिबिराच्या प्रमुख म्हणजे एल्स्पेथबाई. (नाव ऐकून मला आधी ती पुण्यातली एखादी पेठ वाटली.) उंच, सडसडीत, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि कितीही पाऊस पडला तरी 'काय सुंदर सकाळ' म्हणणारी बाई. तिने विचारलं, मुलांना तुम्ही काय शिकवू शकाल? आता आवक-जावक काय शिकवणार? माझ्या आधी बसलेल्या बाप्याने होडी वल्हवायला शिकवतो म्हणून सांगितलं होतं, त्याच्या आधीच्या मुलीने बासरी. माझी पाळी आली आणि खिडकीतून समोर समुद्र दिसला. मी छाती पुढे काढून म्हणालो, आम्ही समुद्रातून मीठ पिकवणारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या. सोबत आलेल्या हेमांगीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरसभेत पैसे वाटले. अगं, खोटं काय होतं त्यात? आम्ही म्हणजे कोण एवढंच मी फोड करून सांगितलं नाही.

कारण खरं काय ते तुला माहीतच आहे. तू दहाव्या वर्षापासून बाबांबरोबर आगरावर गेलास आणि मला भाईंदरच्या शाळेत घातलं. घरातला एकजण उन्हात राहिला म्हणून दुसरा सावलीत बसून पावकी-निमकी पाठ करू शकला. माझा मिठागराशी संबंध डबा पोचवण्यापुरता, आणि तो डबाही अर्ध्या वाटेत हलका व्हायचा. हे मी बाईंना सांगितलं नाही. बाई इतक्या हरखल्या होत्या की त्यांनी लगेच फळ्यावर लिहून टाकलं: समुद्रमीठ गट, मिस्टर गुन. गुणवंत हे नाव त्यांच्या तोंडात एवढंच मावलं. मुलांनी त्या 'गुन'चं तासाभरात 'गन', म्हणजे बंदूक, करून टाकलं आणि मला बघितलं की ठो ठो आवाज करू लागली. लहान मुलांच्या शिबिरात बंदूक नावाचा म्हातारा! बाईंनी सभा घेतली. पण मुलांनी जे नाव ठेवलं ते गेलं नाही.

शिबिराचा नेम असा की शेवटच्या दिवशी आईबापांना बोलावतात आणि प्रत्येक गटाने आपण काय केलं ते टेबलावर मांडायचं. होडीवाले शर्यत दाखवणार, सुतारकामवाले पक्ष्यांची घरटी ठेवणार, आणि आमच्या गटाचं टेबल मीठ मांडायला. माझ्या गटात बाकीच्यांपेक्षा जास्त मुलं आली, कारण समुद्र आटवून दाखवतो हे होडीपेक्षा कोणालाही भारी वाटणार. त्यांतली पुढारी म्हणजे कर्स्टी नावाची नऊ वर्षांची मुलगी, तोंडभर ठिपके, पुढचा दात पडलेला, आणि प्रश्न विचारण्यात आपल्या तलाठ्याच्या वरताण. पहिल्याच दिवशी तिने मला सगळ्यांसमोर विचारलं की मीठ नाही झालं तर आमचं टेबल रिकामं दिसेल ना? मी म्हणालो, आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. तेव्हा लक्षात आलं की आता माघार नाही. त्या संध्याकाळी मी बसने हेमांगीकडे आलो आणि वाटेत फोनचं कार्ड विकत घेतलं.

आता तुझं माझं फोनवर काय झालं ते तुला आठवत असेल, पण तुला या टोकाचंच माहीत आहे. त्या टोकाचं ऐक. आपलं मिठागर बंद पडलं त्या वर्षी तू ओटीवरची खुर्ची उचलून तिचं तोंड खाडीकडून हायवेकडे केलंस, आणि तेव्हापासून ट्रक बघत बसलास. घरात मिठाचा विषय निघाला की उठून जायचास. वहिनींनी तर जेवताना मीठ हवं का विचारायचंही सोडलं. वाटी नुसती पुढे सरकवायच्या. त्यामुळे मी फोनवर घाबरत घाबरत विचारलं की दादा, मीठ कसं पिकवतात? आणि तू म्हणालास, "गुन्या, तू न् मीठ? लानपनी तुझ्या पायाला चिखुल लागला तरी आय रडाची!" मला वाटलं, आता नेहमीसारखा ठेवणार. मी थांब थांब म्हणणार एवढ्यात तू सुरू झालास, आणि दादा, तू थांबलाच नाहीस. पहिल्या तळ्यात भरतीचं पाणी घ्यायचं, ते तापलं की दुसऱ्यात सोडायचं, मग उथळ वाफ्यांत. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करायचा नाहीतर मिठात चिखल येतो. पाणी रोज जिभेवर घेऊन बघायचं. शेवटचं पाणी ओतून द्यायचं कारण ते कडू असतं. कार्डातल्या बाईने एक मिनिट उरल्याची वर्दी दिली तरी तू तिलाच दटावलंस. मी जिन्यात बसून सगळं चंदनच्या लॉन्ड्रीच्या बिलामागे लिहून घेत होतो आणि डोळे पुसत होतो. हेमांगीला वाटलं, गावाकडे कोणी गेलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. वाळूच्या वरच्या अंगाला जिथे चिकणमातीचा पट्टा होता तिथे तळी आखली, मुलांकडून बांध घालून घेतले. मग आलं तुडवणं. शिबिराचा कडक नियम की मुलांच्या पायांत बूट हवेत. मी बाईंना सांगितलं, बूट घालून मिठागर तुडवणं म्हणजे हातमोजे घालून जेवणं. त्यांनी बराच विचार केला, सगळ्या मुलांच्या आईबापांना फोन केले, काचा-शिंपल्या वेचून काढायला लावल्या, आणि मग परवानगी दिली. दादा, ती पोरं अनवाणी चिखलात उतरली तेव्हाचा आरडाओरडा तिथल्या चर्चपर्यंत गेला असेल. पण तुडवायला ठेका लागतो. तू म्हणायचास ती गाणी मला कुठली यायला? मला पाठ काय, तर पाढे. म्हणून मी आवाज लावला: बे एके बे, बे दुणे चार. आणि बघता बघता स्कॉटलंडची पोरं रांगेने, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, बे दुणे चार, बे त्रिक सहा करत चिखल तुडवायला लागली. पंचाहत्तरीतही जोशात पाढे म्हणणारा आपला भाईंदरचा मास्तर आज असता तर त्याने मला नापास केल्याबद्दल माफी मागितली असती. तिसऱ्या दिवशी एल्स्पेथबाईंनी स्वतःचे रबरी बूट काढले आणि बे पंचे दहाच्या सुमाराला रांगेत शिरल्या.

मी नारळही फोडला. तिथल्या बाजारात नारळ मिळतो, पण तो असा सोलून गुळगुळीत केलेला की शेंडी कुठली आणि बूड कुठलं ते त्यालाच कळत नाही. त्यानंतर मी मुलांना आपला मुख्य नियम सांगितला: मीठ कोणी कोणाच्या हातात द्यायचं नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. हातावर हात दिलं तर दोघांचं भांडण होतं. कर्स्टीने अर्थातच विचारलं, आणि भांडण आधीच झालेलं असेल तर? मी म्हणालो, मग चुकून दिलं असणार. हे तिला तात्काळ पटलं, कारण तिचं आणि शेजारच्या तंबूतल्या एका मुलीचं वैर होतं आणि दोघींनी आदल्या दिवशी जेवताना मीठदाणी हातोहात दिली होती.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण दादा, मिठाला ऊन लागतं ही गोष्ट मी विसरलो होतो. म्हणजे ऊन नव्हतं असं नाही. तिथला सूर्य उन्हाळ्यात रात्री दहा-दहापर्यंत हजर असतो. पण नुसती हजेरी. आमच्या कचेरीत असे पुष्कळ होते, वेळेवर येऊन उशिरापर्यंत बसायचे आणि टेबलावरचा कागद हलायचा नाही. आणि मधेमधे पाऊस. रोज. आपल्याकडे निदान येताना सांगून येतो, गाजावाजा करतो. तिथला पाऊस चोरपावलाने येतो आणि पाणी चाखायला वाकावं तर आपण आभाळच पितोय असं वाटतं. एका दुपारी सर आली तेव्हा मी ओरडलो, मीठ भिजतंय! पुढे काय झालं ते बघायला तू हवा होतास. सगळ्या पोरांनी अंगातले रेनकोट काढून वाफ्यांवर अंथरले, छत्र्या वाफ्यांवर धरल्या, आणि स्वतः भिजत उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने गाडी थांबवली आणि बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी निम्मा गट शिंकत होता, बाईंनी मला खोलीत बोलावलं, आणि मी शाळेतल्यासारखा मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं की मिस्टर गुन, खरंच मीठ होणार आहे ना? मुलांनी दुसरं काही केलेलं नाही.

त्या काळात तू काय करत होतास ते मला वहिनींनी मनोरमेला सांगितल्यामुळे कळलं. तू, ज्याने जन्मात कधी परदेशी फोन फिरवला नाही, तो तू संध्याकाळी घोडबंदरच्या नाक्यावर चालत जाऊन बूथमधून स्कॉटलंडला फोन लावायचास. हेमांगी उचलायची आणि तू 'बालंतीन कशी हाय' वगैरे काही न विचारता थेट म्हणायचास, "मीठ लागला का?" मीठ धरलं का असं विचारतोयस हे तिला कळायला दोन फोन लागले; मग तिने नाही म्हटलं की तू म्हणायचास, "आभाल कसा हाय तिकरं?" पोरीला मी रोज ढगांचं वर्णन कळवत होतो आणि ती तुला पोचवत होती. आणि वहिनी म्हणाल्या की एक दिवस तुझी खुर्ची फिरली. कोणी सांगितलं नाही, कोणी हात लावला नाही, तूच उचललीस आणि खाडीकडे तोंड करून बसलास, वारा बघायला. दादा, मी इतकी वर्षं सणासुदीला तुझ्या पाया पडतो, पण त्या बातमीने मला जेवढं बरं वाटलं तेवढं मला पेन्शन मंजूर झाल्याच्या पत्रानेही वाटलं नव्हतं. त्यामुळे आता मीठ व्हायलाच हवं होतं. मुलांचं टेबल होतंच, पण तुझी खुर्चीही होती. मीठ लागलं नाही असं मी तुला कळवलं असतं तर ती पुन्हा हायवेकडे गेली असती, हे मला दिसत होतं.

शिबिर संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मी शेवटचा फोन केला. पाणी पाणीच आहे म्हणून सांगितलं. तू आधी हसलास. किती वर्षांनी हसलास ते वहिनींना विचार. मग म्हणालास, "अरं येड्या, ऊन न्हाय तं चूल हाय ना? आजी पावसाल्यात काय करायची?" आणि मला आठवलं, आजी पावसात मीठ संपलं की खाडीचं पाणी चुलीवर मडक्यात आटवायची. बसलोय ना मी इतकी वर्षं त्या चुलीशेजारी, पण माझं लक्ष भाजत घातलेल्या बोंबलाकडे.

मग शिबिराच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी पातेली मागितली. तिथला आचारी आधी नाही म्हणाला. त्याच्या पातेल्यांत सूप होतं आणि सूपच होणार असं त्याचं मत होतं. मी त्याला सांगितलं की तुझ्या जेवणात मिठाचा पत्ता नसतो, आता निदान पातेल्यात तरी येऊ दे. हे कोणीतरी त्याला एकदा सांगायलाच हवं होतं. तो रागाने बाहेर गेला आणि पातेली आमची झाली. मुलांनी आपल्या मिठागरातलं, तापून तापून जड झालेलं पाणी बादल्यांनी वाहून आणलं. मी ते माझ्या नव्याकोऱ्या पंच्यातून गाळलं. सकाळपासून विस्तव पेटला तो संध्याकाळपर्यंत. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या, पोरं पाळीपाळीने ढवळत होती, आणि बाराच्या पाढ्यापर्यंत पोचली होती. शेवटी पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ आली. तू सांगितलेलं शेवटचं कडू पाणी मी ओतून दिलं, आणि तळाशी, दादा, मीठ होतं. करडट, ओलसर, खडबडीत. कर्स्टीने जिभेवर घेतलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि नाचायलाच लागली. तो आचारी दारातून बघत होता. रात्रीच्या सूपला पहिल्यांदा चव होती.

शेवटच्या दिवशी आमच्या टेबलावर मोठा वाडगाभर मीठ आणि शेजारी उकडलेले बटाटे. आईबाप जमले, फोटो निघाले. आणि मग एल्स्पेथबाई भाषण करून माझ्यासमोर आल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तळहात पुढे केला. मी मीठ त्यांच्या हातावर द्यावं म्हणून. आता मी काय करणार? माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. बाईंचा हात पुढे, माझे मागे. एका बापाने बायकोच्या कानात काहीतरी विचारलं; बहुधा ते खाण्यालायक आहे का, असंच असावं. बाईंचा चेहरा पडला. माझ्या इंग्रजीने ऐनवेळी दगा दिला. तेवढ्यात कर्स्टी ओरडली, हातात नाही, हातात नाही, आम्ही भांडू! तिने धावत जाऊन एक ताटली आणली, टेबलाच्या मधोमध ठेवली, त्यात मीठ ओतलं, आणि बाईंना म्हणाली, आता तुम्ही उचला. बाईंनी उचललं. मग सगळ्या आईबापांनी रांग लावली, आणि एकेकाने ताटलीतून चिमूट घेऊन बटाट्याला लावली, आणि कोणी कोणाच्या हातात दिली नाही. तेवढ्यात मागून पोरांनी बे एके बे सुरू केलं. दादा, आपल्या आईबापाच्या नावाने मी कधी देऊळ बांधणार नाही, पण त्या दिवशी परक्या मुलखात चाळीस-पन्नास माणसं आपल्या घरातल्या रीतीने मीठ घेत होती, आणि ते बघताना माझी छाती शर्टात मावेना.

मला बोलायला सांगितलं. मी लिहून नेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की हे माझं काम नाही. मी फक्त फोन केला. माझा मोठा भाऊ बाळा मीठ पिकवतो. तो आयुष्यभर उन्हात उभा राहिला म्हणून मी शाळेत बसलो, आणि आज तुमच्यासमोर इंग्रजीत उभा आहे. टाळ्या वाजल्या त्या तुझ्या होत्या. मी त्या इथवर आणल्या आहेत, पोच द्यावी.

वहिनींना नमस्कार, नीरजला आशीर्वाद, पंपाला शुभेच्छा. डोक्यावर हात आहे तोवर ताठ चालणारा,

तुझा गुणवंत

ता. क. नीरज हे पत्र आणेल, त्याच्याबरोबर त्या मिठाची एक बाटली पाठवतोय. तो ती पाटावर ठेवेल, तिथून उचल. त्याच्या हातातून घेऊ नकोस. पुढचं वाचल्यावर घरात एक भांडण होणारच आहे, आणखी कशाला?

ता. क. २. तुझा पासपोर्ट काढायचा आहे. पुढच्या जुलैला शिबिराने समुद्रमीठ गटासाठी ज्या पाहुण्याला बोलावलं आहे तो मी नाही. फळ्यावर नाव लिहून झालं आहे: मिस्टर बाला. मी तुझ्या वतीने होकार दिला. दोन फोटो लागतील, मागे पांढरी भिंत, अंगात सदरा, चेहरा नेहमीचा चालेल. वहिनींना आम्ही विचारलं आहे, त्या तयार आहेत. मनोरमेने फोनवरच तुझ्या स्वेटरचं माप घेतलं. तू 'मी कुठं जातोय या वयात' म्हणशील असं वहिनी म्हणाल्या. ते म्हणून झालं असेल तर पुढची ओळ वाच.

ता. क. ३. दादा, वर एक गोष्ट जरा चढवून लिहिली आहे. तापून जड झालेलं पाणी वगैरे काही नव्हतं. पातेली चढवायची त्याच्या आदल्या रात्री उधाण आलं आणि सकाळी जाऊन बघतो तर बांध नाही, वाफे नाहीत, तुडवलेला तळ नाही. सपाट वाळू आणि त्यावर कोणाचा तरी एक रेनकोट. मी तिथेच बसलो. पोरं गोल करून उभी राहिली. मग कर्स्टीने गुपचूप बादली उचलली आणि सरळ समुद्रात बुडवली, तिच्यामागून बाकीच्यांनी. त्यांतल्या एकानेही आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. परत येताना तिने मला फक्त एक विचारलं: तुमच्या भावाला समुद्र अडवता येतो का? मी सांगितलं, त्याने जन्मभर तेच केलं. ती म्हणाली, मग त्यांना आणा, आम्ही पुन्हा तुडवू. पाढे पोरांना अजून पाठ आहेत. मिठागर मात्र व्हायचंय.